मल्टिमीटरवर व्होल्ट दिसतात, पण लोड जोडला की पवनचक्की बसते: पाती फेकून देण्याआधी हे तपासा

लक्षण असं असतं. स्पर्धेसाठी मुलांनी बनवलेली छोटी पवनचक्की टेबल फॅनसमोर ठेवली की छान गरगरते. पाती मोटरचा दांडा फिरवतात आणि मोटर वीज बनवते. मल्टिमीटर तीन-सव्वातीन व्होल्ट दाखवतो आणि घरात आनंदीआनंद होतो. मग स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मोटरच्या टोकांना लोड म्हणून, म्हणजे वीज वापरणारं ओझं म्हणून, रेझिस्टर जोडतात. पाती एकदम जडावतात, दोन-तीन सेकंदांत वेग पार उतरतो आणि मीटर अर्ध्या व्होल्टच्या आसपास घुटमळत राहतो. रेझिस्टर काढला की पुन्हा गरगर सुरू.

मी कोथरूडला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी सातनंतर, मला याच तक्रारीचे फोन येतात. "बाई, पाती चुकलीत. आम्ही रात्रीत नवी कापतो." आणि मुलं खरंच रात्रभर जागून नवी पाती कापतात, दुसऱ्या दिवशी नवी पातीही तशीच बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा आधीची पाती चांगली असतात. चूक दुसरीकडेच असते, आणि ती अर्ध्या तासात सापडते. म्हणून मी ज्या क्रमाने शोधते तो क्रम इथे लिहिते आहे.

आधी मीटरवरचा विश्वास कमी करा

नुसता मल्टिमीटर लावून दिसणारं व्होल्टेज म्हणजे वीज नव्हे. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे मोटरला काही काम करावं लागत नाही आणि पात्यांना काही ओढावं लागत नाही. सायकलचं मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवण्यासारखं आहे ते. चाक फिरलं म्हणून सिंहगडाचा चढ चढता येईल असं नाही.

रेझिस्टर जोडला की करंट वाहतो, आणि करंट वाहिला की मोटर स्वतःच ब्रेक लावते. जितका करंट जास्त, तितका ब्रेक घट्ट. शिवाय रेझिस्टरचा आकडा लहान म्हणजे करंट जास्त, म्हणजे लोड जड. इथे मुलांची हमखास गल्लत होते. "बाई, आम्ही फक्त १० ओहमचा छोटा लावला," असं सांगतात, तेव्हा त्यांनी खरं तर सगळ्यात जड ओझं लावलेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे वेगवेगळे पाच-सहा रेझिस्टर आणून प्रत्येकावर व्होल्टेज घेणं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते अगदी किरकोळ पैशांत मिळतात. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला ओहमने भागलं की वॉट मिळतात. नववीतल्या एका गटाचे आकडे माझ्या वहीत आहेत. त्यांच्या चक्कीचा व्यास ४० सेंटिमीटर होता, मोटर जुन्या प्रिंटरमधली होती आणि बिनलोड व्होल्टेज ३.२ होतं.

१० ओहमवर ०.३ व्होल्ट, म्हणजे ९ मिलिवॉट.
२२ ओहमवर ०.८ व्होल्ट, म्हणजे २९ मिलिवॉट.
४७ ओहमवर १.८ व्होल्ट, म्हणजे ६९ मिलिवॉट.
१०० ओहमवर २.४ व्होल्ट, म्हणजे ५८ मिलिवॉट.
२२० ओहमवर २.८ व्होल्ट, म्हणजे ३६ मिलिवॉट.

हे आकडे आलेखावर मांडले की टेकडी दिसते. तुमच्या चक्कीचीही अशी एक टेकडी असते आणि तिचा माथा कुठल्या ओहमवर आहे हे कळल्याशिवाय पात्यांना हात लावायचा नाही. लोड निवडायची मुभा असेल तर माथ्याजवळचा रेझिस्टर घ्या, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. या गटाला ती मुभा नव्हती. नियमात २२ ओहम ठरलेला होता, आणि टेकडीच्या डाव्या उतारावर ती चक्की बसत होती.

रेझिस्टरऐवजी एलईडी लावून "पेटतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास. त्याखाली तो पेटणारच नाही. आणि चक्की उलट दिशेला फिरत असेल तर टोकं उलटी होतात. वायरी अदलाबदल करून बघा.

मोटर

यावर फार लिहीत नाही, कारण दोष असेल तर तो लगेच कळतो. खेळण्यातली छोटी तीन व्होल्टची मोटर मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनवलेली असते. आपली पाती मिनिटाला पाच-सहाशे फेरे देतात, त्यात तिच्यातून व्होल्टचा लहानसा तुकडाच निघतो. रोबोटच्या चाकांना लावतात ती पिवळी बीओ मोटर उलटीकडून फिरवली तर तिचे गिअरच पात्यांचा दम खातात. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरमध्ये पुष्कळदा वेग स्थिर ठेवणारं सर्किट असतं, तेही आड येतं. जुन्या प्रिंटरमधली, २४ व्होल्टची साधी डीसी मोटर मला सगळ्यात समाधानकारक वाटते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलं की मिळते. दांडा बोटांनी फिरवून बघा, अडखळत नसेल तर घ्या. स्पर्धेत मोटर आयोजक देणार असतील तर आधी विचारून तशीच मोटर सरावाला मिळवा. दुसऱ्या मोटरवर सराव करून काहीच कळत नाही.

वारा रोज सारखा नसतो

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाऱ्याचा वेग फक्त १० टक्के उतरला तर शक्ती २७ टक्क्यांनी उतरते. सोमवारी पहिली पाती तपासली, गुरुवारी दुसरी, आणि मधल्या काळात आईने फॅन हातभर सरकवला, की दुसरी पाती वाईट ठरतात. बिचाऱ्या पात्यांचा काही दोष नसतो.

त्यामुळे फरशीवर फॅनच्या पायाची आणि चक्कीच्या पायाची जागा चिकटपट्टीने आखून घ्या. अंतर मीटरभर तरी ठेवा, कारण फार जवळ फॅनच्या मधल्या गोलामागे हवाच नसते आणि चक्कीचा मध्यभाग उपाशी राहतो. छताचा पंखा बंद आणि खिडकी रोज एकाच स्थितीत. फॅन पाच मिनिटं चालू द्या आणि मगच मोजा. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, तेव्हा फॅनही मंदावतो. म्हणून दोन पात्यांची तुलना एकाच बैठकीत करा, आणि शेवटी पहिली पाती पुन्हा लावून बघा. पहिल्यांदा आलेला आकडा पुन्हा आला नाही, तर मधले सगळे आकडे खोडा. मुलांना हे खोडणं जिवावर येतं. पण परीक्षकासमोर ज्या मुलीने वहीतली खोडलेली पानं उघडून दाखवली, तिचा पुढचा प्रत्येक शब्द त्यांनी विश्वासाने ऐकला, हे मी बघितलं आहे.

फॅनमधून येणारी हवा सरळही नसते, ती पिळत येते. काठीला लोकरीचा धागा बांधून हवेत धरा. धागा तिरका उडेल. स्पर्धेत सरळ वाऱ्याची पेटी असेल तर घरचे आकडे तिथे जुळणार नाहीत. सरबताच्या स्ट्रॉ एका खोक्यात मधाच्या पोळ्यासारख्या दाटीवाटीने रचून ते खोकं फॅनपुढे ठेवलं की पीळ बराच मोडतो. वेग थोडा कमी होतो, पण निकाल खरा मिळतो.

आता मूळ दुखणं: कोन

चक्की हळूहळू मंदावत नाही, एकदम "बसते". का? हे समजलं की उपाय आपोआप सुचतो, म्हणून इथे जरा थांबते.

पावसात स्कूटरवरून जाताना सरळ खाली पडणारा पाऊसही तोंडावर येतो. सिग्नलला थांबलं की तोच पाऊस डोक्यावर पडतो. पाऊस बदललेला नसतो, आपला वेग बदललेला असतो. पात्याचंही तसंच आहे. पातं वेगात फिरत असतं तेव्हा त्याला वारा जवळजवळ समोरून, धारेवर येतो. पातं मंदावलं की तोच वारा त्याच्या सपाट अंगावर येऊन आदळतो.

आकड्यांत बघू. ४० सेंटिमीटर व्यासाची चक्की मिनिटाला ६०० फेरे घेते तेव्हा टोक सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने पळतं. वारा सेकंदाला ४ मीटरचा असला तरी चक्कीशी पोचेपर्यंत तो थोडा मंदावतो. टोकाला तो फिरण्याच्या प्रतलाशी, म्हणजे पाती ज्या सपाट वर्तुळात फिरतात त्याच्याशी, साधारण १२ अंशांनी भेटतो. पातं ८ अंशांवर बसवलेलं असेल तर वारा आणि पातं यांच्यात ४ अंशांचा फरक राहतो. एवढ्यावर हवा पात्याच्या पाठीला चिकटून वाहते आणि पातं नीट ओढलं जातं. आता लोड जोडला, वेग २५० फेऱ्यांवर आला. वारा तोच, पण भेटण्याचा कोन तिशीच्या घरात गेला. फरक ४ वरून २० अंशांच्या पुढे. पातळ पात्यावरून हवा साधारण १२-१५ अंशांच्या पुढे सुटते, पाठीमागे भोवरे होतात, ओढ तुटते. ओढ तुटली म्हणून वेग आणखी उतरतो, वेग उतरला म्हणून कोन आणखी बिघडतो. दोन-तीन सेकंदांत खेळ संपतो, तो असा.

म्हणजे बिनलोड व्होल्टेज जास्तीत जास्त यावं म्हणून मुलं कोन कमी कमी करत नेतात, आणि तीच चक्की लोडखाली सगळ्यात आधी बसते. त्या नववीच्या गटाला मी ८ अंशांचे १४ करायला सांगितलं. बिनलोड व्होल्टेज ३.२ वरून २.६ वर आलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मग २२ ओहम जोडला. ०.८ च्या जागी १.३ व्होल्ट आले, २९ मिलिवॉटचे ७७ झाले. पाती तीच होती, रात्रीचं जागरण नाही, कापाकापी नाही. त्यांच्यातल्या एकीने तिथेच वहीत लिहिलं: "आजपासून बिनलोड व्होल्टेज बघायचं नाही." मला त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो.

कोन नेहमी फिरण्याच्या प्रतलापासून मोजा, दांड्यापासून नव्हे. अर्ध्या गटांच्या वहीत १० आणि ८० ची गडबड असते. ६ अंशांपासून २० अंशांपर्यंत दोन-दोन अंशांनी जा आणि प्रत्येक वेळी ठरलेला लोड जोडूनच आकडा घ्या. ४५ अंशांवर चक्की पटकन सुरू होते म्हणून ती चांगली वाटते, पण तिथे वेगच येत नाही.

कोनाबरोबर दिशाही बघा. पुढे जाणारी धार वाऱ्याकडे किंचित झुकलेली हवी. पातं वळणदार असेल तर खोलगट बाजू वाऱ्याकडे आणि फुगीर पाठ मागे हवी. उलटी बसवलेली चक्कीही फिरते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण लोडखाली तिच्यात जीव नसतो.

पीळ

एकाच कोनाचं सपाट पातं कधीच पूर्णपणे बरोबर नसतं. बुंध्याजवळचा भाग टोकापेक्षा हळू फिरतो, म्हणून त्याला वारा जास्त अंगावर भेटतो. टोकाला ८ अंश योग्य असतील तर मध्यावर १९-२० लागतात आणि बुंध्याकडे चौथाई अंतरावर ३५ च्या आसपास. लोडखाली सगळ्यात आधी बसतो तो बुंधाच.

हे मुलांना फळ्यावर पटत नाही. एकदा आम्ही साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. तिथे पवनचक्क्या अगदी रस्त्यालगत उभ्या आहेत. एका थांबलेल्या चक्कीच्या पात्याकडे खालून बघताना आठवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, हे पातं पिळलंय!" त्यानंतर मला पीळ शिकवावा लागला नाही.

घरी पीळ कसा द्यायचा? पीव्हीसी पाइपची पट्टी पाइपच्या लांबीशी थोडी तिरपी कापली की पीळ आपोआप येतो. पण ४ इंची पाइपचं वळण जरा जास्तच खोल असतं. ६ इंची पाइप मिळाला तर तो घ्या. दोन्ही धारा पॉलिश पेपरने घासा, पुढची गोल, मागची पातळ. पीव्हीसी जड असतं, त्यामुळे चक्कीला पूर्ण वेग यायला वेळ लागतो. शेवटचा वेग वजनाने बदलत नाही, पण दहाव्या सेकंदाला आकडा लिहून मोकळे झालात तर तो खोटा असतो. बाल्साचं लाकूड हलकं आणि सुंदर, पण ओल्या हवेत वाकडं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पंखासारखं जाडजूड पातं करण्याचा हट्ट मात्र सोडा. एवढ्या छोट्या आकारात आणि वेगात पातळ, किंचित वळलेली पट्टी त्याच्यापेक्षा चांगलं काम करते.

"काल तर चालत होती"

हा दुसरा फोन, आणि हा जास्त रडवतो. एका वर्षी आमच्या मुलींनी बाल्साची अतिशय देखणी पाती केली होती. आदल्या दिवशी सगळं व्यवस्थित. सकाळी पाती पिशवीत घालून बसने स्पर्धेला नेली, उभ्याने, गर्दीत. तिथे निम्माही आकडा येईना. नंतर मोजलं तर दोन पाती १२ अंशांवर आणि तिसरं ३० वर. हबच्या, म्हणजे पाती जिथे खोचतात त्या मधल्या चकतीच्या, भोकात पात्याची काडी फिरली होती. ग्लू गनचा गोंद सुटलेला कोणाच्या लक्षात आला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम आहे: काडी आणि हब यांच्यावर सलग एक बारीक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की पातं फिरलं. आणि जाड पुठ्ठ्याचा हव्या त्या कोनाचा साचा कापून घ्यायचा, जो हबवर टेकवून प्रत्येक पातं पडताळता येईल. कंपासपेटीतल्या कोनमापकाने पाती लावताना दोन-तीन अंशांची चूक सहज होते, साच्याने होत नाही. कोन कायमचा ठरला की काडी अॅरल्डाइटने बसवा आणि रात्रभर हलवू नका.

तोलही बघा. हब गुळगुळीत सुईवर आडवा लटकवा. तेच पातं पुनःपुन्हा खाली येत असेल तर ते जड आहे. समोरच्या हलक्या पात्यांच्या पाठीला चिकटपट्टीचा तुकडा लावत जा. तोल नसलेली चक्की थरथरते आणि ती थरथर गोंद सोडवते. ६०० फेऱ्यांना १० ग्रॅमचं पातं हबला सुमारे ४०० ग्रॅम वजनाइतकं बाहेर ओढत असतं. वेग दुप्पट झाला तर चौपट. म्हणून तपासताना चष्मा घाला आणि पात्यांच्या रेषेत, म्हणजे चक्कीच्या बाजूला, कोणीही उभं राहू नका. समोर किंवा मागे उभे राहा. लहान भावंडांना खोलीबाहेर पाठवा.

परीक्षक विचारतात ते

कार्यक्षमता किती, हा प्रश्न येतोच. वाऱ्यातल्या शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच कुठल्याही चक्कीला मिळू शकते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ती मर्यादा ओळखली जाते. तुमचं गणित ७० टक्के दाखवत असेल तर बहुधा वाऱ्याचा वेग चक्कीच्या मागे मोजला गेला आहे, आणि तिथे वारा आधीच मंदावलेला असतो. चक्की बाजूला करून तिच्याच जागी, मध्यावर आणि कडेला मिळून आठ-नऊ ठिकाणी मोजा. हवेची घनता पुस्तकातली १.२२५ घेऊ नका. ती समुद्रसपाटीची, १५ अंश तापमानाची आहे. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे; उन्हाळ्याच्या दुपारी १.१ किलो प्रति घनमीटर घेतली तर बरोबर बसतं. ४० सेंटिमीटरच्या चक्कीवर ४ मीटरच्या वाऱ्यात एकूण साडेचार वॉटही येत नाहीत. त्यातून आपले ७७ मिलिवॉट म्हणजे पावणेदोन टक्के. हा आकडा सांगायला लाजू नका. एवढ्या कमी फेऱ्यांना मोटरच बरीच शक्ती गिळते, आणि हे तुम्हाला माहीत आहे हे परीक्षकाला कळू द्या.

स्पर्धेच्या दिवशी पाती पिशवीत नेऊ नका. मिठाईचं मोठं खोकं घ्या, तळाला थर्माकोल, त्यात प्रत्येक पात्यासाठी खाच. पात्यांवर १, २, ३ लिहा आणि हबच्या भोकांवरही तेच आकडे. पुठ्ठ्याचा साचा झाकणाला आतून चिकटवा. पोचल्यावर चक्की फिरवून बघण्याआधी साचा लावून तिन्ही कोन बघा, आणि मग २२ ओहम जोडा.